गणकयंत्राच्या न दाबलेल्या कळा

यंदाच्या स्मरणिकेसाठी बालकांच्या आरोग्याविषयी काहीतरी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. लसीकरण, अतिसार आणि बाळाचा आहार या विषयांवर पूर्वीच्या अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. म्हणून थोडा आडवळणाचा विषय घेत आहे. तो विषय म्हणजे सायंटिफिक कॅल्क्युलेटर, म्हणजेच शास्त्रीय गणकयंत्र. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मुलाने किंवा मुलीने अभियांत्रिकीसाठी घेतलेले कॅसिओचे असे एखादे यंत्र खणात पडून असते. त्याच्यावर चाळीसहून अधिक कळा असतात. आपण त्यांपैकी दहा अंक, चार क्रिया आणि बरोबरचे चिन्ह एवढ्याच दाबतो. उरलेल्यांतील काही कळा वैद्यकाच्या रोजच्या कामात फार उपयोगी पडतात, आणि काही अर्धवट समजून दाबल्या तर घातही करतात.

बालरोगतज्ज्ञाने हा विषय घ्यावा याला कारण आहे. प्रौढांच्या औषधांत 'एक गोळी सकाळी, एक रात्री' असे म्हणून बहुतेक वेळा निभावते. आमच्याकडे सातशे ग्रॅमचे अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि सत्तर किलोचा दहावीतला मुलगा एकाच दिवशी येऊ शकतात. वजनात शंभरपटीचे अंतर! त्यामुळे प्रत्येक मात्रा हे एक नवे गणित असते, आणि दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट होते किंवा दशांशावर येते. मोठ्या माणसाला दसपट औषध द्यायचे तर पाच-सहा कुप्या फोडाव्या लागतात, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी मनात शंका येते. नवजात बाळाची दसपट मात्रा मात्र एकाच कुपीत, एकाच पिचकारीत सहज मावते. शंका यायला जागाच उरत नाही.

थोडा इतिहास. जॉन नेपियरने १६१४ साली लॉगॅरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली आणि गुणाकार-भागाकाराचे रूपांतर बेरीज-वजाबाकीत झाले. हेन्री ब्रिग्जने त्यांना दहाच्या पायावर आणले. माझ्या पिढीने बारावीच्या परीक्षेपर्यंत क्लार्कची कोष्टके उलटली. 'कॅरॅक्टरिस्टिक' आणि 'मँटिसा' हे शब्द अनेकांना अजून आठवत असतील. १९७२ साली ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचे एचपी-३५ हे हातात मावणारे पहिले शास्त्रीय गणकयंत्र बाजारात आले. त्याला पस्तीस कळा होत्या, म्हणून नाव पस्तीस. किंमत ३९५ डॉलर. आज तेवढी कामे करणारे यंत्र एखाद्या जाड पाठ्यपुस्तकापेक्षा स्वस्त मिळते आणि भ्रमणध्वनीत तर फुकटच असते.

आता कळांकडे वळू. सर्वांत महत्त्वाची कळ कोणती असे मला विचाराल, तर मी कंसाची जोडी दाखवीन. दुकानातले साधे गणकयंत्र जसजसे आकडे येतील तसतशी क्रिया करत जाते. त्यावर २ + ३ × ४ दाबले तर उत्तर २० येते. शास्त्रीय यंत्र शाळेत शिकलेला क्रम पाळते, म्हणजे गुणाकार आधी आणि बेरीज नंतर. त्याचे उत्तर १४. दोन्ही यंत्रे आपापल्या नियमाने बरोबरच असतात. पण आज एक आणि उद्या दुसरे हाती आले की घोटाळा होतो.

कंसाचे खरे मोल छेदात एकाहून अधिक आकडे आल्यावर कळते. हेंडरसन आणि हॅसलबाल्क यांचे समीकरण आपण सर्वांनी प्रथम वर्षाला पाठ केले होते. रक्ताचा पीएच म्हणजे ६.१ अधिक एका अपूर्णांकाचा लॉग. त्या अपूर्णांकाच्या अंशात बायकार्बोनेट आणि छेदात ०.०३ गुणिले कार्बन डायऑक्साइडचा दाब. निरोगी माणसाचे आकडे घेऊ: बायकार्बोनेट २४, दाब ४०. छेद १.२, भागाकार २०, वीसचा लॉग १.३०१; उत्तर ७.४०. हेच घाईने २४ ÷ ०.०३ × ४० असे दाबले, तर यंत्र आधी भागते आणि मग चाळीसने गुणते. त्यातून ३२००० निघतात, त्यांचा लॉग ४.५ आणि पीएच १०.६. असा माणूस जगात सापडणार नाही, म्हणून ही चूक लगेच पकडली जाते. औषधाच्या मात्रेत इतके ढळढळीत उत्तर येईलच असे नाही. म्हणून छेद नेहमी कंसात घालावा: लॉग, मग कंसात २४ ÷ (०.०३ × ४०), मग + ६.१.

या समीकरणाचा खरा उपयोग पीएच काढण्यासाठी नाही. तो यंत्रावरून छापूनच येतो. उपयोग आहे तो अहवाल तपासण्यासाठी. मधुमेहाचे पहिलेच निदान होणारे एखादे मूल धापा टाकत येते. अहवालात पीएच ७.१०, दाब २० आणि बायकार्बोनेट ६ आहे. समीकरणात घाला: ६ भागिले ०.६ म्हणजे १०, दहाचा लॉग १, उत्तर ७.१. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. समजा, हस्तलिखित नोंदीत सहाच्या जागी १६ उतरले गेले. मग उत्तर ७.५३ येईल आणि तिघांपैकी एक आकडा खोटा आहे हे अर्ध्या मिनिटात कळेल. मुलाच्या उपचाराची दिशा ज्या कागदावरून ठरते, त्याच्यासाठी अर्धे मिनिट जास्त नाही.

याच कळेची उलटी बाजूही पाहावी. शिफ्ट दाबून लॉग दाबले की दहाचा घात मिळतो. सोरेनसेनने १९०९ साली पीएचची कल्पना मांडली तेव्हा हायड्रोजन आयनांच्या सूक्ष्म आकड्यांना आटोपशीर रूप मिळाले. पण त्या आटोपशीरपणात फरकाचे आकारमान लपते. दहाचा उणे ७.४ वा घात काढा आणि मग ईएनजी ही कळ दाबा. ही कळ उत्तर नेहमी तीनच्या पटीतल्या घातांत दाखवते, म्हणजे मिली, मायक्रो, नॅनो अशा आपल्या ओळखीच्या पायऱ्यांवर. उत्तर दिसेल ३९.८ गुणिले दहाचा उणे नववा घात, अर्थात लिटरमागे सुमारे ४० नॅनोमोल. आता ७.१ साठी करा: ७९.४. पीएच केवळ ०.३ ने उतरला, पण आम्ल दुप्पट झाले! दोनचा लॉग ०.३०१ हे क्लार्कच्या कोष्टकात आपण हजार वेळा पाहिले होते. निवासी डॉक्टरांना मी हे यंत्रावर स्वतः करायला लावतो, तेव्हा ७.१ या आकड्याकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते.

ऋण आकड्यांबद्दल येथेच एक सूचना. बहुतेक यंत्रांवर वजाबाकीची कळ वेगळी आणि कंसातल्या उणे चिन्हाची कळ वेगळी असते. घात ऋण असेल तेव्हा दुसरी वापरावी. तसेच उणे दोनचा वर्ग करायला सांगितला तर यंत्र आधी दोनचा वर्ग करून मग उणे लावते आणि उणे चार दाखवते. उणे दोन कंसात घातला तरच चार मिळतात.

वर्गमूळाची कळ आम्हांला लागते ती शरीराचे पृष्ठक्षेत्रफळ काढताना. रक्ताच्या कर्करोगाची बहुतेक औषधे किलोवर न देता चौरस मीटरवर दिली जातात. ड्यू बॉइस यांचे १९१६ सालचे सूत्र अवघड घातांचे आहे: वजनाचा ०.४२५ वा घात, उंचीचा ०.७२५ वा घात आणि त्यांना ०.००७१८४ ने गुणणे. मोस्टेलरने १९८७ साली ते सोपे केले: सेंटिमीटरमधील उंची गुणिले किलोमधील वजन, भागिले ३६००, आणि त्याचे वर्गमूळ. ९६ सेंटिमीटर उंचीच्या, १४ किलोच्या मुलाचे मोस्टेलरने ०.६१ आणि ड्यू बॉइसने ०.६० येते. हा फरक व्यवहारात नगण्य आहे. मी स्वतः मोस्टेलरच वापरतो.

पण जुन्या धर्तीच्या यंत्रावर वर्गमूळाचे चिन्ह दाबून ९६ × १४ ÷ ३६०० लिहिले, तर मूळ फक्त ९६ चेच निघते. उत्तर ०.०३८ येते, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाएवढे. व्हिन्क्रिस्टिनची मात्रा चौरस मीटरला १.५ मिलिग्रॅम धरली, तर ०.९२ मिलिग्रॅमऐवजी ०.०६ मिलिग्रॅम! नव्या यंत्रांत वर्गमूळाचे छप्पर सबंध राशीवर पसरलेले पडद्यावर दिसते, त्यामुळे ही चूक कमी होते. तरीही कंस घालण्याची सवय मोडू नये, कारण रात्रीच्या पाळीला कोणते यंत्र हाती येईल ते सांगता येत नाही. ईसीजीमधील क्यूटी अंतराची बॅझेटची दुरुस्तीही, म्हणजे क्यूटी भागिले आरआरचे वर्गमूळ, याच कळेवर होते.

स्मृतीच्या कळांबद्दल बराच गैरसमज आढळतो. एम प्लस दाबले की आकडा 'साठवला' जातो असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो आधीच्या साठ्यात मिळवला जातो. आधीचा साठा शून्य नसेल तर बेरीज चुकते, आणि यंत्र बंद केल्यावरही हा साठा पुष्कळ यंत्रांत तसाच राहतो. म्हणून सुरुवातीस शून्य लिहून शिफ्ट, एसटीओ, एम दाबावे. त्यानंतर ही कळ अतिदक्षता विभागातील जमाखर्चासाठी उत्तम आहे: पोटात आणि शिरेतून गेलेला प्रत्येक आकडा एम प्लसने, लघवी व नळीतून आलेला प्रत्येक आकडा एम मायनसने घालावा. शेवटी आरसीएल एम दाबले की बाळाच्या शरीरात किती पाणी शिल्लक राहिले ते समोर येते. परिचारिका भगिनींनी ही युक्ती फार लवकर उचलली, असा माझा अनुभव आहे.

एक राशी कायम ठेवून बाकीची गणिते करायची असतील तर वजन ए या अक्षरात ठेवावे. ३.२ लिहून शिफ्ट, एसटीओ, ए. आता डोपामिनचा जुना 'सहाचा नियम' तपासता येतो: वजनाच्या सहापट मिलिग्रॅम औषध १०० मिलिलिटरमध्ये घातले तर ताशी एक मिलिलिटर म्हणजे मिनिटाला किलोमागे एक मायक्रोग्रॅम. ६ × ए = १९.२ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरमागे १९२ मायक्रोग्रॅम. मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम हवे असतील तर ५ × ए × ६० ÷ १९२ = ५ मिलिलिटर तासाला. नियम खरा ठरला. ४० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या कुपीतून १९.२ मिलिग्रॅमसाठी ०.४८ मिलिलिटर घ्यावे लागेल. हे कागदावर उतरवताना दशांशचिन्हाआधीचे शून्य लिहायलाच हवे. नुसते बिंदूमागे ४८ लिहिले आणि बिंदू पुसट उमटला, तर पुढचे वर्णन नको. आता पुष्कळ ठिकाणी ठरावीक तीव्रतेची द्रावणे आणि पंपातच भरलेली औषधांची यादी आली आहे. ती अधिक सुरक्षित आहे हे निःसंशय.

अंश, मिनिटे आणि सेकंद यांची एक कळ असते. ती भूमितीसाठी ठेवली आहे, पण मी तिचा उपयोग वेळेसाठी करतो. नवजात बाळाची कावीळ दिवसांवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. विनोद भुतानी व सहकाऱ्यांचा १९९९ सालचा आलेख सर्वांना ठाऊक आहे. सोमवारी रात्री ९.४० ला जन्मलेल्या बाळाचा रक्तनमुना बुधवारी दुपारी ३.१० ला घेतला, तर वय किती? ६३ तास १० मिनिटे वजा २१ तास ४० मिनिटे, त्याच कळेने लिहून. उत्तर ४१ तास ३० मिनिटे, आणि तीच कळ पुन्हा दाबली की ४१.५.

हा दशांश महत्त्वाचा आहे. चोवीस तासांनंतर बिलिरुबिन ताशी ०.२ मिलिग्रॅम किंवा त्याहून वेगाने वाढत असेल तर तांबड्या पेशी फुटत असल्याचा संशय घ्यावा, असे अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२ सालच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. समजा, ५ तास ५० मिनिटांत बिलिरुबिन ११.२ वरून १२.३ वर गेले. कोणी ५.५० ने भागले तर उत्तर नेमके ०.२० येते. खरे अंतर ५.८३ तास आहे आणि खरा वेग ०.१९. अर्थात प्रयोगशाळेच्या मोजमापातच एवढा फरक असू शकतो, तेव्हा ०.१९ आले म्हणून निर्धास्त व्हावे असे मी मुळीच म्हणणार नाही. अशा बाळाचा नमुना मी पुन्हा घेतोच. पण आपल्या हिशोबाची चूक प्रयोगशाळेच्या चुकीवर आणखी लादू नये.

वाढीच्या आलेखांमागेही एक घाताची कळ दडलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मानकांत प्रत्येक वयासाठी एल, एम आणि एस असे तीन आकडे दिले आहेत. वजनाला एमने भागावे, भागाकाराचा एल वा घात करावा, त्यातून एक वजा करावा आणि एल × एस ने भागावे. मिळतो तो झेड स्कोअर. एक वर्षाच्या मुलग्यासाठी एल ०.०६४४, एम ९.६४७९ आणि एस ०.१०९२५ आहे. वजन ७.५ किलो असेल तर उत्तर उणे २.२९ येते, म्हणजे वयाच्या मानाने वजन कमी. आलेखावर हा बिंदू दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी पडतो. आकडा मिळाला म्हणजे दोन महिन्यांनी पुन्हा तोलल्यावर सुधारणा झाली की घसरण, हे नेमके सांगता येते.

औषध शरीरातून किती वेळात ओसरेल हेही याच कुटुंबातले गणित. नवजात बालकात फेनोबार्बिटोनचे अर्धायुष्य १०० तासांच्या आसपास असू शकते. रक्तातील पातळी ४० असेल तर ७२ तासांनी किती? ४० गुणिले ०.५ चा ०.७२ वा घात, म्हणजे २४.३. उलट, पातळी २५ वर यायला किती वेळ लागेल? ४० ÷ २५ चा लॉग भागिले दोनचा लॉग, गुणिले १००: सुमारे ६८ तास. झोपाळलेले बाळ आज का जागे होत नाही, असे आई विचारते तेव्हा हे उत्तर हाताशी असावे.

शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सांख्यिकीचा एसडी मोड आहे. आकडे एकामागून एक घालून सरासरी आणि प्रमाण विचलन काढता येते. तिथे सिग्मा एन आणि सिग्मा एन उणे एक असे दोन पर्याय दिसतात. पाच मुलांचे हिमोग्लोबिन १०.२, ११.४, ९.८, १२.० आणि १०.६ असेल तर सरासरी १०.८, पहिला पर्याय ०.८ देतो आणि दुसरा ०.८९. नमुन्यावरून समूहाचा अंदाज करायचा असेल तर दुसराच घ्यावा. साइन, कॉस आणि टॅन यांच्या वाट्याला मात्र माझ्या व्यवसायात आजवर जावे लागलेले नाही.

एनसीआर ही कळ अशीच दुर्लक्षित आहे. आयुर्वेदाच्या अभ्यासकांना ती आवडावी. सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे करत किती मिश्रणे होतात? ६, १५, २०, १५, ६ आणि १, एकूण ६३. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात हीच ६३ ची संख्या आहे, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीतही सहा रसांचे उदाहरण आले आहे.

मला ही कळ वेगळ्याच ठिकाणी लागते. थॅलेसेमियाचे वाहक असलेल्या दांपत्याला आपण सांगतो की प्रत्येक गर्भधारणेत मूल बाधित होण्याची शक्यता चारात एक आहे. आपल्या इंदूरमध्ये, विशेषतः सिंधी बांधवांच्या कुटुंबांत, हे सांगण्याचा प्रसंग वारंवार येतो. ऐकणारे पुष्कळदा असे समजतात की पहिले मूल बाधित झाले, आता पुढची तीन निश्चिंत. अशा वेळी मी अपूर्णांकाची कळ त्यांच्यासमोर दाबून दाखवतो. पुढच्या गर्भाला मागच्याची आठवण नसते. तीन चतुर्थांश पुन्हा तीन चतुर्थांशच. तीन मुले झाली तर तिन्ही अबाधित असण्याची शक्यता तीन चतुर्थांशाचा घन, म्हणजे २७/६४, सुमारे ४२ टक्के. नेमके एक बाधित असण्याची शक्यता ३सी१ × १/४ × ९/१६, म्हणजे तीही २७/६४. दोन किंवा तिन्ही बाधित असण्याची १०/६४. लोक कागदावर हे तीन आकडे पाहतात, थोडा वेळ गप्प राहतात, आणि मग गर्भारपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात होणाऱ्या तपासणीविषयी स्वतःहून विचारतात. लग्नाआधी दोघांचीही एचबीए-२ ची रक्ततपासणी झाली असती तर हे गणित मांडण्याची वेळच आली नसती, हेही त्याच बैठकीत, घरातल्या धाकट्या भावंडांसाठी, सांगून ठेवावे.